शेवटच्या दिवसाचा फीडबॅक फॉर्म पुरेसा नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक व्हायला निघालेल्या मुलामुलींसाठी वर्कशॉप, ट्रेनिंग भरपूर होतात आणि ती व्हायलाच हवीत, पण त्यातलं नक्की काय उपयोगी पडलं हे तपासायची जी पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही म्हणून हे पत्र. शेवटच्या दिवशी घाईघाईत फॉर्म वाटायचा, व्याख्याते आवडले का, वेळ पुरला का, सगळे 'उत्तम' वर टिक करतात की झाला रिपोर्ट तयार. अहो, ज्यांच्या हातात मार्क आहेत तेच फॉर्म गोळा करणार असतील तर छात्राध्यापक, म्हणजे हा शिकाऊ शिक्षक, खरं लिहील कसं?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकांनी 1959 मध्येच ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, आवडलं का, शिकले का, वागण्यात उतरलं का आणि शेवटी परिणाम काय झाला. आपण पहिल्याच पायरीवर थांबतो. टॉमस गस्की या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी पाच पायऱ्या केल्या आणि त्यात संस्थेनं साथ दिली का हे पण घातलं, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण छात्राध्यापकाला स्वतःचा वर्गच नसतो. सराव पाठ दुसऱ्याच्या वर्गावर, तिथले शिक्षक म्हणाले की गटकाम वगैरे राहू दे, आधी पोर्शन संपव, की वर्कशॉपमध्ये शिकलेलं तिथंच राहिलं. मग कमी कुठं पडलं, ट्रेनिंगमध्ये, शिकणाऱ्यात की शाळेत, हे फॉर्मवरून कसं कळणार?

त्यासाठी वर्गात जाऊन बसावं लागतं. समजा प्रश्न कसे विचारायचे याचं ट्रेनिंग झालं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांच्या अभ्यासात दिसलं होतं की प्रश्न विचारून शिक्षक साधारण 1 सेकंदच थांबतात, तेच 3 सेकंद थांबले तर मुलं जास्त सविस्तर उत्तरं देतात. हे मोजायला घड्याळ पुरतं! ट्रेनिंगच्या आधीचा एक पाठ रेकॉर्ड करा, नंतरचा करा आणि दोन-तीन महिन्यांनी परत एक करा, कारण लगेचच्या पाठात सगळेच नवीन शिकलेलं करून दाखवतात. बघणारे दोघं असावेत आणि कुठला पाठ आधीचा कुठला नंतरचा हे त्यांना सांगू नये. शिवाय ते ट्रेनिंग न झालेल्या बॅचशी तुलना हवीच, नाहीतर नुसत्या सरावानं झालेली सुधारणा पण वर्कशॉपच्या खात्यावर जाते.

2007 मधल्या एका अमेरिकन आढाव्यात शिक्षक ट्रेनिंगचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो यावरचे 1300 पेक्षा जास्त अभ्यास चाळले, कडक निकषात बसले फक्त 9. म्हणजे एवढा पैसा, एवढा वेळ जातो त्या गोष्टीचा भक्कम पुरावा इतका थोडा.

तुमच्या पेपरात 'कार्यशाळा उत्साहात संपन्न' अशा बातम्या येतात. त्यासोबत, नंतर पाठ कोणी पाहिले आणि काय दिसलं, हे पण आयोजकांना विचारून छापाल का?

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षक-प्रशिक्षक