कुसळही काढायचेच आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कोणाचे दोष काढू नका’ हे येशूचे वचन (बायबलमधील मत्तयाचे शुभवर्तमान, ७:१) करुणेवरील लिखाणात नेहमी येते, पण बहुतेकदा तेवढेच. पाचव्या वचनापर्यंत वाचले तर अर्थ पालटतो. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असे तिथे म्हटले आहे. कुसळ तसेच राहू द्यायचे नाही, ते त्या भावालाच सलते आहे. आपल्या म्हणीत मुसळ आणि कुसळ दोन्ही आहेत, काढण्याचे काम मात्र नाही.

घोटाळा शब्दामुळेही होतो. मूळ ग्रीक ‘क्रिनो’ या क्रियापदात पारखणे, निवाडा करणे आणि दोषी ठरवणे हे सगळे अर्थ आहेत. तेच क्रियापद योहान ७:२४ मध्ये येते. तिथे येशू वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, असे सांगतो.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या प्रसंगात (योहान ८) येशूने नियमशास्त्र (मोशेने दिलेला यहुदी धर्माचा कायदा) बाजूला सारले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते मुळीच पटत नाही. ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकातील १७ व्या अध्यायाप्रमाणे देहदंडासाठी किमान दोन साक्षीदार लागत आणि पहिला दगड त्यांनीच टाकायचा असे. त्याच नियमशास्त्रातील ‘लेवीय’ या पुस्तकात (२०:१०) व्यभिचारी पुरुषालाही तीच शिक्षा आहे. इथे आणली गेली ती एकटी स्त्री. हिला दगडमार करावी का, या प्रश्नाला येशूने दिलेले ‘जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा’ हे उत्तर साक्षीदारांवरच्या त्या जबाबदारीकडे बोट दाखवते. शेवटी येशू तिला दोषी ठरवत नाही आणि यापुढे पाप करू नकोस, असेही बजावतो. यातले एकच वाक्य उचलणे हा तिच्यावरही अन्याय आहे. (योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा प्रसंग नाही, हेही वाचकांना सांगायला हवे.)

दोष दाखवायचा कसा, हे मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे. आधी एकांतात, दोघांतच बोलायचे. ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना सोबत न्यायचे, त्यानंतरच मंडळीला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला, सांगायचे. व्यवहारात नेमकी तिसरी पायरी आधी गाठली जाते; चारचौघांत लाज गेलेला माणूस मग कबुली देण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो. मंडळीचेही ऐकले नाही, तर त्याला परराष्ट्रीय (यहुदी नसलेला) किंवा जकातदार (लोक ज्याला पापी समजून टाळत असा कर वसूल करणारा) यांच्यासारखा समजावे, असे सतरावे वचन म्हणते. हे वाचून त्याच्याशी नाते तोडण्याआधी त्याच शुभवर्तमानाचा नववा अध्याय पाहावा. तिथे येशू जकातदारांच्या पंगतीला बसला आहे.

आपला,
एक वाचक