स्टेल्व्हिओ राहू दे, सफरचंदाच्या खोऱ्यात जाऊ

निफाड

चि. प्राजक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आल्प्सच्या सहलीचा प्लॅन आईने वाचून दाखवला आणि मी नकाशावर बोट फिरवत गेलो. स्टेल्व्हिओ, फुर्का, ग्रोसग्लॉकनर! तीन देशांतले तीन घाट आणि तेही सहा दिवसांत. हौस दांडगी आहे तुझी. पण बाई, एप्रिलमध्ये हे तिन्ही घाट बंद असतात. स्टेल्व्हिओ २७५७ मीटरवर, आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून उंच. तो मेअखेर नाहीतर जूनमध्ये उघडतो. फुर्काचंही तेच. ग्रोसग्लॉकनर त्यातल्या त्यात लवकर, मेच्या सुरुवातीला, आणि तोही मशीनने बर्फ कापून काढल्यावर. आणि मे-जूनपर्यंत थांबायचं तर इकडे माझी द्राक्षबाग कोण बघणार? खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकतो. डोळे फुटून विरळणीला येईपर्यंत मधे जे दिवस मिळतात तेवढेच माझ्या हातात. तेव्हा तारखा त्याच ठेव, रस्ता बदल.

मी सुचवतो तो असा. म्युनिकहून गार्मिश, फर्न पास, लांडेक, आणि तिथून रेशन पास. हा १५०४ मीटरवरचा, बारा महिने चालू. तो ओलांडला की इटलीत व्हिनश्गाऊच्या खोऱ्यात उतरायचं आणि आदिजे नदीच्या कडेकडेने मेरान, मग बोल्झानो. परत येताना ब्रेनर, तो तर १३७० मीटरवरच आहे. हा दक्षिण टिरोलचा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, तरी लोक बहुतेक जर्मन बोलतात. म्हणजे तुझं जर्मन कामाला येईल. पाट्यांवर गावांची नावं दोन्ही भाषांत असतात, मेरान तेच मेरानो, गोंधळू नकोस.

रेशनच्या माथ्यावर तलाव आहे आणि तलावातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. १९५० साली विजेसाठी धरण भरलं, त्यात जुनं ग्राउन गाव गेलं, मनोरा तेवढा राहिला. हिवाळ्यात पाणी वापरलं जातं आणि वरचा बर्फ वितळायला लागला की पुन्हा भरतं, त्यामुळे एप्रिलमध्ये पातळी खाली असते. आईला उजनीतलं पळसदेवचं देऊळ पाणी ओसरल्यावर बघायला गेलेलं आठवलं. ती म्हणते, तिथे थोडं थांबायचं, नुसता फोटो काढून पळायचं नाही.

पण मला खरं जायचंय ते त्याच्या खालच्या खोऱ्यात. आपल्यातले काही द्राक्षवाले अभ्यासदौऱ्याला तिकडे जाऊन आलेत, तेव्हापासून डोक्यात आहे. इटलीची जवळपास निम्मी सफरचंदं या एका प्रांतात होतात, आणि तीही आपल्यासारख्याच दोन-तीन हेक्टरवाल्यांकडे. माल बहुतेक सगळा सहकारी संस्थांतून विकतात. एप्रिलमध्ये मेरानकडून फुलोरा सुरू होतो आणि जसजशी ऊब चढते तसा वर व्हिनश्गाऊकडे सरकतो. आपण वरून खाली उतरणार, म्हणजे कुठे ना कुठे भर फुलोरा सापडणारच.

याच दिवसांत रात्री पारा शून्याखाली गेला की फुलं जळतात. मग ते काय करतात? रात्रभर बागेवर स्प्रिंकलर चालवतात. पाणी फुलावर गोठतं, गोठताना उष्णता सोडतं, आणि तेवढ्या जोरावर आतलं फूल शून्याच्या आसपास टिकून राहतं. सकाळी अख्खी बाग काचेत घातल्यासारखी दिसते म्हणे. मात्र ऊन चढून बर्फ सुटेपर्यंत पाणी बंद करायचं नाही. मधेच थांबलं तर फूल उलट जास्त गारठतं. मी विचार करतोय, आपल्याकडे असं केलं असतं आणि पहाटे तीनला लाईट गेली असती तर! डिसेंबरात मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटवत आपण किती पहाटा काढल्यात, तुला माहीतच आहे. म्हणून सांगतो, राहायला हॉटेल नको. तिथे शेतकऱ्यांच्या घरी खोल्या मिळतात, बागेतच बघ. थंडी पडायचा अंदाज असेल तर मला पहाटे उठव.

दुसरं, पाट. व्हिनश्गाऊ पावसाच्या आडोशाला असल्यामुळे तिथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, जवळपास आपल्या तालुक्याइतकाच. म्हणून जुन्या लोकांनी डोंगराच्या कडेने पाट काढले. त्यांना ते वाल म्हणतात. पाण्याची पाळी ठरलेली आणि राखायला पाटकरी. पाटात एक छोटं चाक बसवायचे, पाणी वाहतंय तोवर त्यावरचा हातोडा घंटेवर ठोके देत राहायचा. ठोके थांबले की पाटकरी समजायचा, वर कुठेतरी पाट फुटला किंवा तुंबला. आपल्याकडे बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घेणाऱ्या फडवाल्यांना हे दाखवायला हवं होतं! पाटाला उतार अगदी बेताचा, त्यामुळे कडेची पायवाट जवळपास सपाट, आईच्या गुडघ्यांना सोसेल अशी. मेरानजवळचा मार्लिंगचा पाट १२ किलोमीटर आहे. सगळा नको, एक तुकडा चालू.

बोल्झानोच्या म्युझियममध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस ठेवलाय. तो तुम्ही मायलेकी बघा, मी बाहेर बसेन. त्याऐवजी मेरान-बोल्झानोच्या मधल्या प्रिसियान गावी न्या. तिथल्या किल्ल्याजवळ साडेतीनशे वर्षांहून जुना द्राक्षवेल आहे, मांडवावर चढवलेला. आपण पंधरा वर्षांत बाग उपटतो.

आता गाडीचं. भाड्याची गाडी ऑस्ट्रिया-इटलीत नेणार हे कंपनीला आधी सांग. रेशनवर एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो, तेव्हा टायर कोणते आहेत ते विचारून घे. ऑस्ट्रियाच्या मोटरवेसाठी विनिएट, म्हणजे टोलचं स्टिकर घे, ब्रेनरचा टोल त्याच्यावर वेगळा. ब्रेनरवर लुएग पुलाचं काम २०२५ पासून चालू आहे, बऱ्याचदा एकेकच लेन ठेवतात, म्हणून शनिवारी तिकडून नको. दिवसाला तीन तासांच्या वर गाडी चालवायची नाही. आणि उताराला सारखा ब्रेक दाबू नकोस, खालच्या गिअरवर सोड. कसारा घाट शिकवताना हेच सांगत होतो.

व्हिसासाठी तीस हजार युरोचा विमा लागतो, तो इथूनच काढतो. तुझी सुट्टी मंजूर झाली की तारखा कळव, म्हणजे छाटणीची टोळी त्याप्रमाणे ठरवता येईल. टोळीवाला आत्ताच विचारतोय.

तुझे
अण्णा