पायावर वजन कधी द्यायचं ते लिहून तरी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घोटा मोडला, ऑपरेशन झालं, प्लेट-स्क्रू बसले की घरी सोडताना हातात फाइल मिळते. गोळ्यांच्या वेळा, टाके काढायची तारीख, बिल, सगळं असतं त्यात, फक्त पायावर वजन कधी आणि किती द्यायचं ही एक ओळ नसते. माझ्या वहिनीचं ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलमध्ये असं झालं, विचारलं तर "सध्या टेकवू नका, पुढचं नंतर बघू". नंतर म्हणजे कधी? मग काय, अख्खी सोसायटी डॉक्टर होते, कोण म्हणतं तीन महिने हलायचं नाही, कोण म्हणतं आमचा मुलगा महिन्यात रिक्षा चालवत होता.

पूर्वी बहुतेक ठिकाणी सरसकट सहा आठवडे पाय अधांतरी ठेवायला सांगायचे. पण 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला अभ्यास आला, 23 हॉस्पिटल, 561 पेशंट, निम्म्यांना ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी वजन द्यायला सांगितलं आणि निम्म्यांना सहा आठवडे थांबवलं, चार महिन्यांनी बघितलं तर लवकर चालणारे कुठेच मागे नव्हते आणि कॉम्प्लिकेशन्सही जास्त नव्हती. आता याचा अर्थ सगळ्यांनी पंधराव्या दिवशी उठून चालायचं असा नाही हं. डायबेटीसमुळे तळपाय बधिर असेल, हाडं ठिसूळ असतील, नाहीतर लिगामेंट फाटून वेगळा स्क्रू टाकला असेल तर सर्जन थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणूनच तर लिहून द्यायला हवं ना!

आणि "थोडं वजन द्या" म्हणजे किती? आमच्याकडे येणाऱ्या फिजिओ ताईंनी घरातला वजनकाटा मागितला, वॉकर धरून वहिनीला त्यावर दुखरा पाय दाबायला लावला. तिला वाटलं भरपूर दाबला, काटा आठावर, हळूहळू वीसपर्यंत आणला आणि म्हणाल्या, एवढंच, याच्यापुढे आत्ता नाही. पाच मिनिटांचं काम, पण भीती निम्मी गेली. नाहीतर पाय उचलून बसून पोटरी बारीक होते, घोटा आखडतो, रक्ताची गुठळी व्हायची भीती वेगळीच, शिवाय नोकरी करणाऱ्याला ऑफिसात रजेसाठी काहीतरी तारीख सांगावी लागते.

तेव्हा सरकारी असो, पालिकेचं असो की प्रायव्हेट, डिस्चार्ज कार्डावर एवढं लिहा: कितव्या आठवड्यापासून, किती किलो, वॉकर की कुबड्या, कुठला एक्स-रे बघून पुढे वाढवायचं आणि पोटरी सुजली किंवा जखमेतून पू आला तर फोन कोणाला करायचा. मराठीत, आणि वाचता येईल अशा अक्षरात.

एक वाचक,
वर्तकनगर, ठाणे