हेड कॅशियर मॅडमना जाहीर पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात जो तो तुमच्या ‘हसतमुख स्वभावा’वर बोलला. मला ते पटलं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये तुम्हाला हसताना मी तरी पाहिलं नाही. मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टींचे.

8 तारखेच्या रात्री 500 आणि 1,000 च्या नोटा बंद झाल्या. 9 ला बँका बंद, आणि 10 ला शटर उघडायच्या आधीच रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मी नोकरीत नवी. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी 4,000, मग 4,500, मग 2,000. परिपत्रकं वरून येत होती, शिव्या खायला काउंटरवर आम्ही. तुम्ही तिजोरीतली रक्कम मोजून झाली की काउंटरवर न बसता आधी बाहेर जायचात. “आज साधारण इथपर्यंत पुरेल. मागच्यांनी उगाच उन्हात ताटकळू नका.” गोंधळ होईल म्हणून साहेब धास्तावले होते. लोक चिडलेही, पण सकाळी दहाला चिडणं वेगळं आणि दिवसभर उभं राहून चार वाजता रिकाम्या हाताने परतताना चिडणं वेगळं.

मग डब्यातले, साड्यांच्या घडीतले पैसे घेऊन बायका यायला लागल्या. घरात कुणाला पत्ता नसलेले पैसे. मागे रांगेत दीर, नाहीतर शेजारीण. काचेपलीकडे ऐकू जावं म्हणून एरवी आपण सगळेच ओरडून बोलतो. तुम्ही मला म्हणालात, “रक्कम तोंडाने विचारायची नाही. स्लिप सरकव, लिहू दे.” ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना लॉकरशेजारच्या टेबलापाशी बसवून तुम्ही स्वतः स्लिप भरायचात. “पासबुकात दिसेल का हो?” असं एकीने विचारलं, तेव्हा धीर द्यायला म्हणून खोटं बोलला नाहीत. दिसेल म्हणालात, आणि घरच्या जोडखात्याऐवजी तिच्या एकटीच्या जनधन खात्यात भरायला सुचवलंत.

मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला आलेल्या त्या गृहस्थांनी माझ्या अंगावर पत्रिका फेकली, तो दिवसही तुम्हाला आठवत असेल. लग्नासाठी खात्यातून अडीच लाखांपर्यंत काढायची सवलत जाहीर झाली होती, पण कागदपत्रांच्या अटी एवढ्या की माणूस मेटाकुटीला यावा. तुम्ही उठून आलात आणि मला म्हणालात, “आतल्या स्लिपा लावायच्या राहिल्यात, तेवढ्या लाव.” सगळ्यांसमोर ‘बिचारी’ म्हटलं असतंत तर मी तिथेच रडले असते. त्यांचं बोलणं मात्र तुम्ही मध्ये न तोडता पूर्ण ऐकलंत, आणि मगच कोणते कागद लागतील ते चिठ्ठीवर लिहून दिलंत.

संध्याकाळी स्वतःचा हिशोब जुळला तरी तुम्ही घरी जायचा नाहीत. कॅश कमी भरली तर कॅशियरला खिशातून भरावी लागते. त्या भीतीने हात थरथरत असलेल्या पोराशेजारी बसून गड्ड्या पुन्हा मोजायचात, तोंडाने एक शब्द न काढता.

पुढे आम्हाला भावनिक बुद्धिमत्तेचं, म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून वागण्याचं, प्रशिक्षण मिळालं. 1990 मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ही संकल्पना मांडली, 1995 मध्ये गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली, असं सगळं. प्रशिक्षण वाईट नव्हतं. पण स्लाइडवर सहानुभूतीने कसं बोलावं एवढंच होतं. तिजोरीत किती आहे ते लोकांना आधी सांगून टाका, असं कुठे नव्हतं. आणि वार्षिक मूल्यमापनात ठेवी, विमा, कर्जवसुली, सगळ्याला रकाने आहेत. तुम्ही जे करायचात त्याला अजून एकही नाही, याचा मला खरंच राग येतो.

हे सगळं त्याच दिवसांत सांगायला आले असते, तर मान वर न करता म्हणाला असतात, “आधी कॅश जुळव.” आता तुम्ही निवृत्त आहात, त्यामुळे ऐकून घ्यावंच लागेल. मनापासून आभार, मॅडम.

तुमची,
तीन नंबर काउंटरवरची