नख पांढरं पडलं की दाब जास्त

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता पाहिला. हाताची वीस चित्रं आणि प्रत्येकाखाली एकेक रोग: ही मुद्रा वजन उतरवते, ती थायरॉइड घालवते, आणखी एक म्हणे हार्ट अटॅक थांबवते. यातल्या कुठल्या करू, असं विचारलंस. दोन-तीन पुरेत, आणि त्याही रोग बरा करायला नाहीत.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, दहा मुद्रा आहेत. महामुद्रा, खेचरी, विपरीतकरणी, तीन बंध वगैरे. घेरंडसंहिता या दुसऱ्या ग्रंथात पंचवीस आहेत. पण हठप्रदीपिकेच्या त्या दहांत बोटं जुळवून रोग घालवणारी एकही नाही. हाताच्या मुद्रा बहुतेक पूजेतून, न्यासातून (मंत्र म्हणत अंगाला हात लावण्याच्या विधीतून), गायत्रीजपाच्या चोवीस मुद्रांतून आणि नृत्यातून आल्या. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल ही वाटणी खुशाल पाठ कर, फक्त तिच्यावरून औषधोपचार ठरवू नकोस.

मग मुद्रेचा उपयोग काय? बोटांच्या टोकांना स्पर्श फार बारीक कळतो आणि मेंदूत हाताला मोठी जागा दिलेली असते. तिथे हलका स्पर्श धरून ठेवला की लक्षाला टेकायला काहीतरी मिळतं. मन ऑफिसच्या मेलवर गेलं की अंगठा-तर्जनी आपसूक सुटतात. ते लक्षात आलं की परत जुळवायची. बाकीचं काम श्वास करतो.

ज्ञानमुद्रा अशी कर. खुर्चीत बस, कंबर टेकलेली चालेल, पावलं जमिनीला पूर्ण लागू देत. हाताची पाठ मांडीवर ठेव, गुडघ्यापासून चार बोटं अलीकडे. फोटोतल्यासारखा हात थेट गुडघ्यावर नेलास तर कोपर ताणलं जातं, खांदे पुढे ओढले जातात आणि पाचव्या मिनिटाला मान बोलायला लागते. तर्जनीचं टोक अंगठ्याच्या टोकाला लाव. मध्ये धरलेला कागदाचा कपटा पडणार नाही, इतकाच दाब. नखांकडे बघ. गुलाबी राहिली तर ठीक. नख पांढरं पडलं म्हणजे तू दाबतोयस. मग अंगठ्याच्या मुळाचा स्नायू दमतो आणि दुखणं मनगटापर्यंत जातं. उरलेली तीन बोटं ताठ करायची गरज नाही, किंचित वाकलेली असू देत. नखं वाढलेली असतील तर टोकाला टोक लागतच नाही, तेव्हा आधी ती काप.

आता श्वास. नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. आकडा साधारण सेकंदाचा धरलास तर एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. घुसमटल्यासारखं झालं तर तीन-चारवर ये. श्वास भसाभसा ओढलास तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. या मुंग्यांनाच काही लोक ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणतात. तसं झालं तर थांब आणि नेहमीसारखा श्वास घे.

मोजायला मोबाईल नको, करमाला वापर. जपाची जुनी पद्धत आहे. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेव, हा पहिला श्वास. मग अनामिकेचं खालचं पेर, करंगळीचं खालचं, मधलं, वरचं, मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं हा मेरू, त्याला शिवायचं नाही. दहा श्वास म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद. मीटिंगच्या आधी, लोकलमध्ये जागा मिळाल्यावर, झोप येत नसेल तेव्हा पडल्या पडल्या, कुठेही होतं आणि कुणाला कळतही नाही. माझ्या मते तुझ्या तक्त्यातल्या वीसही मुद्रांपेक्षा हे एक उपयोगाचं.

अनुलोम-विलोम करशील तेव्हा उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळहाताकडे दुमड. अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका आणि करंगळी डाव्या. नाकाचं हाड संपतं त्याच्या लगेच खाली, मऊ भागावर बोट टेकव. हाड दाबून काही बंद होत नाही, नुसतं नाक वाकडं होतं. कोपर हवेत ठेवून खांदा भरून येत असेल तर डाव्या तळहाताचा आधार दे. सर्दीत हे करू नकोस.

सूर्य, वायू, शून्य या मुद्रांत बोट दुमडून वरून अंगठ्याने दाबतात. दिवसभर कीबोर्डवर असलेल्या हाताला हा दाब नको. बोट अडकून खटकन सुटत असेल, ज्याला डॉक्टर ट्रिगर फिंगर म्हणतात, तर अजिबात नको. अनामिका दुमडताना करंगळीही वाकते, त्यात तुझं काही चुकत नाही. या दोन बोटांच्या हालचाली आतून एकमेकींत अडकलेल्या असतात. करंगळी बळेच सरळ ठेवायला गेलास तर कोपराखालचा हात दुखेल.

तक्त्यातली ती हार्ट अटॅकची मुद्रा म्हणजे अपानवायू. कुणाच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, डावा हात भरून आला तर बोटं जुळवत बसायचं नाही. १०८ ला फोन. तसंच कुणाची शुगरची किंवा थायरॉइडची गोळी मुद्रेच्या भरवशावर बंद होता कामा नये. हा तक्ता तू ज्या ग्रुपवर टाकला असशील, तिथेही हे लिही.

सुरुवातीला सकाळी पाच मिनिटं पुरेत, पंचेचाळीस मिनिटांच्या नादी लागू नकोस. आधी घड्याळ लावून मिनिटाला किती श्वास होतात ते मोज, नंतर पुन्हा मोज. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली तेच योग मोजून पाहण्यासाठी, तेव्हा तुलाही मोजायला हरकत नाही. भरल्या पोटी लांब श्वास जड जातो, जेवणानंतर दोन तास जाऊ देत. गाडी चालवताना यातलं काहीही नको.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर तो मुद्रेचा विषय नाही, मनगटातली नस दबत असेल. हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि काय म्हणाले ते कळव.

तुझी,
आई