‘पुन्हा इन्स्टॉल करा’ हे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा प्रोग्राम चालेना झाला की ‘काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. कार्यालयातील संगणक सांभाळणे हे माझे काम आहे. एका प्रकारच्या बिघाडात या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही, आणि त्याचा भुर्दंड नेहमी निर्दोष माणसावर पडतो, म्हणून हे पत्र.

तो बिघाड असा: इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्राम संगणकावर बसवणारी फाइल, शेवटपर्यंत धावतो. पट्टी पूर्ण भरते, ‘फिनिश’चे बटण येते, फाइलीही जागेवर असतात. मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग्ज जिथे ठेवतात त्या कोठारात, ज्या नोंदी व्हायला हव्यात, त्या झालेल्या नसतात किंवा भलतीकडे झालेल्या असतात. पडद्यावर त्याबद्दल अवाक्षर नसते.

आमच्या लेखा विभागातील एका सहकारी बाईंना असा प्रोग्राम टाकून दिला. माझ्या खात्यातून तो सुरळीत चालला. त्यांच्या खात्यातून मात्र ‘सर्व्हर सापडत नाही’. कंपनीच्या मदत कक्षाने त्यांनाच सुनावले, “मॅडम, तुमच्याकडून काही सेटिंग बदललं गेलं असेल.” त्यांनी कशालाही हात लावलेला नव्हता. त्यांच्या संगणकावर इन्स्टॉलरने अॅडमिनचा, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागितला, तो दिल्याबरोबर इन्स्टॉलर अॅडमिनच्या खात्याखाली धावू लागला आणि सर्व्हरचा पत्ता त्याने रजिस्ट्रीतील ‘एचकी करंट यूजर’ या शाखेत लिहिला. ही शाखा प्रत्येक खात्याची वेगळी असते. पत्ता अॅडमिनच्या शाखेत गेला, बाईंची शाखा कोरीच राहिली. तसेच शंभर वेळा पुन्हा इन्स्टॉल केले तरी तो तिथेच जाणार!

नोंद भलतीकडे जाण्याच्या आणखी वाटा आहेत. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट इन्स्टॉलरने ‘एचकी लोकल मशीन’ या सर्व खात्यांना सामाईक असलेल्या भागाच्या सॉफ्टवेअर शाखेत लिहिलेले बरेचसे मजकूर ‘वाव६४३२नोड’ या उपशाखेत वळवले जातात, ६४-बिट प्रोग्राम तिथे पाहत नाही. विंडोज व्हिस्टापासून तर जुन्या ३२-बिट प्रोग्रामला ‘लोकल मशीन’मध्ये लिहिण्याचा अधिकार नसला, तरी ती नोंद त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या खासगी कप्प्यात ठेवून ‘झाले’ असे उत्तर देण्याची सोय आहे. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत हा तिचा हेतू. पण शोध घेणाऱ्याची त्यामुळे पुरती दिशाभूल होते.

मला सर्वांत खटकते ते वेगळेच. लिहिण्याचा अधिकार नसेल तर एरवी विंडोज तसे सांगते: एरर कोड ५, प्रवेश नाकारला. ते उत्तर ऐकायचेच नाही, असे इन्स्टॉलर बनवणारा ठरवू शकतो. इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवण्याच्या साधनामध्ये रजिस्ट्रीच्या नोंदीला ‘नोएरर’ (एरर दाखवू नको) अशी खूण करता येते. एनएसआयएस या तशाच साधनामध्ये एरर आल्याची खूण उभी राहते, पण ती तपासणारी ओळ लिहिणाऱ्याने स्वतः घालावी लागते. एमएसआय या विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर पद्धतीतील पॅकेजच्या तपशीलवार लॉगमध्ये (कामाच्या नोंदवहीत) तर कधी कधी स्पष्ट शब्दांत लिहिलेले सापडते की अमुक पायरीवर एरर आली, पण ‘कंटिन्यू’ची खूण असल्यामुळे ती यश म्हणून धरली जाईल. हे वाचून मला संताप येतो. ‘पाथ’ (विंडोज प्रोग्राम जिथे शोधते त्या फोल्डरांची यादी) वाढवण्यासाठी इन्स्टॉलरमधून ‘सेटएक्स’ ही आज्ञा वापरणाऱ्यांची तीच गत. ती आज्ञा १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर छाटते आणि तसा इशाराही देते, पण लपवलेल्या खिडकीतला इशारा वाचणार कोण?

कारण हुडकायचे तर प्रोसेस मॉनिटर हे प्रोग्रामच्या क्रिया टिपणारे मोफत साधन चालू ठेवून इन्स्टॉलर चालवावा. रजिस्ट्रीच्या क्रिया गाळून घ्याव्यात आणि ‘अॅक्सेस डिनाइड’ असा निकाल शोधावा. तसा एकही नसेल, तर निकाल सोडून पत्त्याचा रकाना वाचावा; ‘वाव६४३२नोड’ किंवा दुसऱ्याच खात्याची शाखा तिथे दिसते. एमएसआय असेल तर ते चालवणाऱ्या ‘एमएसआयएक्झेक’ या आज्ञेला लॉगचा पर्याय द्यावा.

एवढे न करता अनेक ठिकाणी लोकांना सरसकट अॅडमिनचे अधिकार दिले जातात. त्याने प्रोग्राम चालतोही कधी कधी. पण मग त्या खात्यातून उघडलेल्या घातक फाइलीलाही तेच अधिकार मिळतात. एका नोंदीसाठी ही किंमत मोजणे मला मुळीच मान्य नाही.

एखादी किरकोळ नोंद राहून फाइलीचे चित्र (आयकॉन) बदलले नाही म्हणून सगळे इन्स्टॉलेशन थांबवावे, असे मी म्हणत नाही. सर्व्हरचा पत्ता, परवान्याची नोंद, सेवा सुरू होण्याची नोंद यांचे तसे नाही. बनवणाऱ्यांनी त्या लिहिल्यावर परत वाचून पाहाव्यात, आणि नसतील तर कोणती नोंद, कोणत्या कोडमुळे राहिली ते पडद्यावर सांगावे. खरेदी करणाऱ्या कार्यालयांनीही पैसे देण्यापूर्वी एक चाचणी करारात घालावी: प्रोग्राम अॅडमिनच्या खात्यातून टाकायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि साध्या खात्यातून उघडायचा. तिथे तो चालला नाही, तर काम पूर्ण झाल्याची सही करू नये.

आपला,
संगणक देखभाल विभागातील एक कर्मचारी