नऊ नंबरला आपलं पोरगं कधी खेळणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ढाक्यात आपली फुटबॉल टीम बांगलादेशकडून हरली, त्या पराभवावर कालच्या अंकात वाचकांची पत्रं छापलीत, ती सगळी वाचली, आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितोय. सगळ्यांचा राग एकाच माणसावर, भारताचे कोच खालिद जमील. ह्याला का घेतला, त्याला का बसवला, आपला जुना फॉरवर्ड सुनील छेत्री, त्याला परत कशाला बोलावला. एकानं तर सरळ लिहिलंय की जमील यांना टीम निवडताच येत नाही. अहो, ज्या माणसानं २०१७ साली मिझोरमच्या ऐझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग ही देशातली मोठी लीग जिंकून दिली त्याला टीम निवडता येत नाही? बांगलादेशकडून आपण २००३ नंतर पहिल्यांदा हरलो, मलाही झोंबलंय. पण निवडायला समोर माणूस तर पाहिजे ना.

मार्च २०२५ मध्ये आधीचे कोच मनोलो मार्केझनी छेत्रीला निवृत्तीतून परत आणला, वय चाळीस, तेव्हा पण असाच दंगा झाला होता, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोल मारून दाखवला. मग जमील आले. ते छेत्रीला न घेता काफा नेशन्स कप स्पर्धेसाठी ताजिकिस्तानला गेले, ओमानला टायब्रेकरवर हरवून तिसरा नंबर काढला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ऑक्टोबरमध्ये सिंगापूरच्या मॅचेस आल्या तर त्यांनाही छेत्रीलाच बोलवावं लागलं. एक कोच स्पेनचा, एक आपला, दोघांचा स्वभाव वेगळा, खेळवायची पद्धत वेगळी, तरी दोघं फिरून त्याच एका माणसाकडं गेले. याचा अर्थ सरळ आहे, त्याच्या मागं कुणी तयारच झालेलं नाही.

आणि होणार कसं? २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर नॉर्थईस्ट युनायटेड टीमच्या अजराईचे, २३, तो मोरोक्कोचा. भारतीयांत सगळ्यात जास्त १४, ते परत छेत्रीचेच. लीग सुरू झाली तेव्हा एका टीमचे मैदानात सहा परदेशी चालायचे, २०२१ पासून चार केले, पण ते चार कुठल्या जागेवर खेळतात ते बघा. पुढचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारायला सगळ्यात पुढं असतो तो फॉरवर्ड, बहुतेक टीमांत परदेशीच. आपला माणूस विंगला नाहीतर बेंचवर. आपल्या अनिकेत जाधवचंच घ्या, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताचा फॉरवर्ड म्हणून अख्ख्या कोल्हापूरनं त्याला टीव्हीवर बघितला, आणि पुढं आयएसएलमध्ये त्याला बघायचा म्हटलं तर बहुतेक वेळा विंगवरच.

पण हे सगळं लांबचं. माझा खरा राग दुसराच आहे. जमीलवर एवढी पत्रं आली, आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर काय चाललंय त्यावर एक तरी आलं का?

माझा भाचा फॉरवर्ड आहे. त्याचं नाव लिहीत नाही, टीमचं पण नाही. भाचा आहे म्हणून बोलतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे, ज्यांनी त्याला खेळताना बघितलाय त्यांना विचारा. दिवसभर उद्यमनगरात लेथवर उभा असतो आणि तरी पहाटे प्रॅक्टिस चुकवत नव्हता. डाव्या पायाचा, अंगावर बॅक घेऊन बॉल थांबवायचा आणि एका टचमध्ये वळायचा, ही गोष्ट त्याला कुणी शिकवलेली नाही. इथली अख्खी लीग तो नऊ नंबरला खेळला, गोल मारले, पेठेतली बारकी पोरं त्याच्या मागं फिरायची. मग स्पर्धा सुरू झाली, टीम सेमीफायनलला गेली, आणि मॅचच्या दोन दिवस आधी टीमच्या मंडळानं बाहेरून एक परदेशी फॉरवर्ड आणला.

त्या गड्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तो पोटासाठी एवढ्या लांब आलाय, अंगानं तगडा, वागायला पण चांगला होता. पण त्यानं आमच्या टीमबरोबर नीट एक प्रॅक्टिस सुद्धा केली नव्हती. आमचे हाफ बॉल पायात द्यायचे आणि त्याला पाहिजे डोक्यावरनं मागं, मग तो पळायचा आणि ऑफसाइड, परत पळायचा परत ऑफसाइड. भाचा अख्खा उत्तरार्ध लाइनीच्या कडेनं वॉर्मअप करतोय, प्रेक्षक त्याच्या नावानं ओरडतायत, आणि कोच त्याच्याकडं बघायला तयार नाही. आम्ही एक गोलनं पुढं होतो. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली, आमचा लेफ्ट बॅक लंगडायला लागला, आणि तेव्हा त्याला आत घातला, लेफ्ट बॅक म्हणून! जन्मात बॅकला न खेळलेलं पोरगं. त्याच बाजूनं क्रॉस आला, गोल बसला, टायब्रेकरला हरलो. आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चर्चा काय, तर पोरगं प्रेशरमध्ये खचलं. हे ऐकून माझ्या अंगाची नुसती आग झाली.

मी कोचला जाऊन भेटलो. पोरगा वाईट नाही, टीममधल्या सगळ्यांसारखा तो पण मला मामाच म्हणतो. मान खाली घालून म्हणाला, "मामा, मला कळत न्हाय व्हय? पण वर्गणी काढून आणलाय त्याला, पैसे दिल्यात. बाहेर बसवला तर उद्या मंडळातले मलाच विचारणार." म्हणजे टीम कोचनं निवडलीच नव्हती, ती ज्या दिवशी पैसे दिले त्याच दिवशी ठरली होती. आणि आम्ही स्टँडमधनं कोचला शिव्या घालतोय.

यंदा के.एस.ए.च्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, खेळाडू नोंदणीचा विषय काढला तर भाचा म्हणाला, मामा राहू दे, ओव्हरटाइम करतो, चार पैसे तरी मिळतील. माझी बहीण खूश आहे, तिला पोराच्या गुडघ्याची काळजी होती. मला मात्र हे अजून पचलेलं नाही.

काही जण म्हणतात बाहेरच्यांमुळं दर्जा वाढला. वाढला की, मी नाही कुठं म्हणतो, तगड्या फॉरवर्डला अडवून अडवून आपले बॅक चांगले तयार झाले. पण भारताला बॅकची एवढी अडचण कधी नव्हतीच, झिंगन आहे, अन्वर अली आहे. गोल कोण मारणार हाच प्रश्न आहे आणि नेमकी तीच जागा आपण गल्लीपासून आयएसएलपर्यंत भाड्यानं दिलीय. माझं म्हणणं एवढंच की बाहेरचा आणायचा तर बॅकला आणा, हाफला आणा, आणि प्रत्येक टीमचा एक तरी फॉरवर्ड कोल्हापूरचा पाहिजे असा नियम करा. पहिलं वर्षभर गोल कमी होतील, प्रेक्षक ओरडतील, ओरडू देत.

आता तुमच्याबद्दल एक, राग मानू नका. तुमच्या पेपरात शाहू स्टेडियमच्या फायनलची बातमी येते त्यात बक्षीस समारंभाला कोण कोण हजर होते त्यांची अर्धा कॉलम नावं असतात, आमदार, नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. आणि खेळलेल्या अकरा जणांची नावं? गोल मारला त्याचं येतं, फारतर गोलकिपरचं. भाच्याच्या त्या सेमीफायनलच्या बातमीत तो बेंचवर होता की घरी होता हे सुद्धा कळत नव्हतं. निवडीवर लोकांनी चर्चा करायची म्हटलं तर कोण खेळलं आणि कोण बसलं हे आधी कळायला नको? सीझन सुरू झाला की प्रत्येक मॅचच्या बातमीत दोन्ही टीमचे अकरा खेळाडू, त्यातले बाहेरचे कोण, आणि बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आत आला एवढं तरी छापा. जागा कमी पडत असेल तर पाहुण्यांची नावं कमी करा.

आपला,
तुमच्या पेपरचा जुना वाचक,
कोल्हापूर